अहवालाची वाट पाहताना

मनुष्य दुःख सोसतो, परंतु अनिश्चितता त्याला सोसवत नाही. शरीरात सापडलेली गाठ साधी आहे की कर्करोगाची, याचा निर्णय व्हावयाचा असतो, तेव्हा साऱ्या घराची झोप उडते. गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासणीस दिला, म्हणजे बायॉप्सी झाली, की वाट पाहण्याचे दिवस सुरू होतात. चार दिवसांत मिळावयाचा अहवाल आठव्या दिवशीही येत नाही. आणि ज्या अर्थी उशीर होत आहे त्या अर्थी काही भयंकरच असले पाहिजे, असे अनुमान जो तो मनातल्या मनात काढू लागतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते.

हे अनुमान निराधार आहे. ते कसे, हे कळण्यास त्या तुकड्याचे प्रयोगशाळेत काय होते ते पाहिले पाहिजे. तुकडा प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवतात. त्यामुळे तो कुजत नाही व पेशींची रचना टिकून राहते. स्तनाच्या गाठीचा तुकडा असल्यास तो निदान ६ तास आणि फार तर ७२ तास या द्रावणात असावा, असा दंडक आहे. तो न पाळल्यास पुढील चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही. नंतर अल्कोहोलच्या साहाय्याने त्यातील पाणी काढून, पातळ केलेले मेण आत मुरवून त्याचा ठोकळा करतात. ठोकळ्याचे सुमारे ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या २५० व्या भागाइतके, पातळ काप घेऊन ते काचपट्टीवर रंगवतात, आणि मग तज्ज्ञ ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा हाडाचा असेल, तर त्यातील चुना काढून तो आधी मऊ करावा लागतो. त्यात आणखी काही दिवस जातात.

एवढ्यानेही निर्णय होतोच असे नाही. शंका राहिल्यास नवे काप घेतात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतात, किंवा विशेष प्रक्रियेने पेशींची ओळख पटवतात. स्तनाचा कर्करोग ठरल्यावरही कोणते औषध लागू पडेल हे जाणण्यासाठी ईआर, पीआर व हर-२ या चाचण्या कराव्या लागतात; हर-२ चे उत्तर संदिग्ध आले, तर फिश नावाची आणखी एक चाचणी करतात. सारांश, उशीर झाला यावरून रोग आहे किंवा नाही, काहीच सिद्ध होत नाही.

तथापि धीर धरणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. बहुतेक गाठींच्या बाबतीत काही दिवसांच्या विलंबाने बिघडत नाही. रक्ताचा तीव्र कर्करोग हा मोठा अपवाद होय. तेथे तपासणी व उपचार तातडीनेच करावे लागतात. परंतु दिवसांचे आठवडे आणि आठवड्यांचे महिने होऊ देणे घातक असते. २०२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत, शस्त्रक्रिया ४ आठवड्यांनी लांबल्यास मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे दिसून आले. म्हणून भीतीपोटी तयार अहवाल न आणणे, किंवा कंटाळून तपासणी अर्धवट सोडणे, हा विलंब प्रयोगशाळेतील विलंबाहून कितीतरी वाईट.

यास्तव तुकडा दिला त्याच दिवशी तीन गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात : अहवाल कोणत्या तारखेस मिळेल, तो कोण समजावून सांगेल, आणि तारीख टळल्यास कोणाकडे चौकशी करावी. तारीख टळली की दुसऱ्याच दिवशी विचारावे. त्यात संकोच कसला? अहवाल हाती आल्यावर त्यातील एकेका शब्दाचा घरी कीस काढीत बसू नये. तो डॉक्टरांकडे न्यावा. मेणाचे ठोकळे व काचपट्ट्याही मागून घेऊन जपाव्यात. १९४१ साली मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी, बाहेर काढलेल्या तुकड्याचे ठोकळे पुन्हा तपासले जातात. मेण उष्णतेने वितळते, म्हणून ते उन्हात ठेवू नयेत, एवढे ध्यानात असावे.

राहता राहिला घरातील व्यवहार. पुष्कळ कुटुंबांत रोग्यापासूनच सारे लपवून ठेवतात. “काही नाही गं आई, साधीच गाठ आहे,” असे मुलगा म्हणतो. पण त्याचा चेहरा आईला वाचता येतो, आणि मग तीही आपली भीती त्याच्यापासून लपवते. त्यापेक्षा “आई, अहवाल अजून आलेला नाही. गुरुवारी विचारायला जायचं आहे. तू येतेस का बरोबर?” हे बोलणे अधिक धीराचे. त्यात खोटी आशा नाही आणि खोटी भीतीही नाही. गुरुवारपर्यंत जेवणखाण, देवपूजा, शेजाऱ्यांकडे जाणेयेणे नेहमीप्रमाणे चालू ठेवावे. आलेल्यागेलेल्यांना काय सांगावयाचे, हे आईलाच ठरवू द्यावे. आणि रात्री तिला झोप लागत नसेल, तर कोणीतरी उशाशी बसून तिचे म्हणणे ऐकून घ्यावे.