स्वरांची लिपी

मध्ययुगीन युरोपातील मठांत दिवस गाण्याने उजाडे आणि गाण्यानेच मावळे. ख्रिस्ती संन्यासी पहाटेपूर्वीच्या अंधारात उठून प्रार्थनामंदिरात जमत आणि रात्री निजेपर्यंत पुनःपुन्हा तेथे येऊन ठरलेली लॅटिन स्तोत्रे गात. साथीला वाद्य नसे. सर्वांचे कंठ मिळून एकच चाल चाले. पहिला ग्रेगरी या ६०४ साली वारलेल्या पोपच्या नावावरून या गायनास 'ग्रेगोरियन गायन' म्हणतात. परंतु त्यातील बहुतेक चाली त्याच्यानंतर आकारास आल्या, असे अभ्यासक मानतात.

स्तोत्रांचे शब्द ग्रंथांत लिहिलेले असत. चाली मात्र माणसांच्या स्मरणातच राहत. स्वर लिहून ठेवता येत नाहीत, म्हणून ते विसरले की नष्ट होतात, असे सेव्हिलचा विद्वान बिशप इसिडोर याने सातव्या शतकात म्हटले होते. नवव्या शतकात शब्दांच्या माथ्यावर बारीक खुणा काढण्याची रीत पडली. स्वर चढला की उतरला, एवढे त्यांवरून समजे. किती चढला, हे समजत नसे. म्हणजे ज्याला चाल आधीच येत होती, त्यालाच त्या खुणांचा उपयोग! नवख्या मुलाला गुरूच्या तोंडून ऐकून एकेक चाल घोकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

इटलीतील ग्विदो या संन्याशाला हा वेळेचा अपव्यय सहन होईना. पोम्पोसाच्या मठात त्याने नवी शिक्षणपद्धती सुरू केली. पण तिची कीर्ती पसरू लागताच सहकाऱ्यांना त्याचा मत्सर वाटू लागला. तेव्हा तो आरेझ्झो नगरात गेला. त्याने आडव्या रेषा आखल्या आणि प्रत्येक रेषेला व रेषांमधील प्रत्येक जागेला एकेक स्वर नेमून दिला. ओळख पटावी म्हणून एका स्वराची रेषा तांबडी, दुसऱ्याची पिवळी. रेषांची कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. तिला शिस्त लावून ती प्रचारात आणण्याचे श्रेय मात्र त्याचेच. स्वरांच्या नावांसाठी त्याने संत योहानाचे एक स्तोत्र निवडले. त्याचे पहिले सहा चरण क्रमाने एकेक स्वर वर चढून सुरू होतात. त्या चरणांची आद्याक्षरे घेऊन त्याने 'उत, रे, मी, फा, सोल, ला' ही नावे केली. आपल्या सा, रे, ग, म सारखीच ही सोय. पुढे 'उत'च्या जागी 'दो' आला आणि सातवा 'सी' जोडला गेला.

पूर्वी दहा वर्षांतही पुरी न होणारी विद्या आता एका, फार तर दोन वर्षांत येते, असे ग्विदोने एका पत्रात लिहिले आहे. १०२८ च्या सुमारास एकोणिसाव्या जॉन पोपने त्याला रोमला बोलावून घेतले. पूर्वी कधीही न ऐकलेला एक चरण ग्रंथात पाहून स्वतःला गाता येईपर्यंत पोपमहाराज आसनावरून उठले नाहीत!

परंतु ही लिपी जाणणारे बहुतेक सर्व जण मठांत आणि चर्चमध्ये होते. बाहेर जत्रांत, लग्नांत आणि सरदारांच्या वाड्यांत भटके वादक आपली वाद्ये घेऊन नाचगाणी रंगवीत. ती लिहून घ्यावीत असे कोणास वाटणार? लोकांच्या ओठांवरची असंख्य गाणी गाणाऱ्यांबरोबरच लोपली. ही हानी फार मोठी आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्समध्ये त्रुबादूर नावाचे कवी लॅटिन सोडून आपल्या बोलीत प्रेमाची, वसंताची व युद्धाची गीते रचीत. आक्विटेनचा ड्यूक नववा गिल्येम हा त्यांतील पहिल्यांपैकी होता. त्यांच्या सुमारे २,५०० कविता उपलब्ध आहेत. चाली मात्र त्यांतील दशांशाच्याच उरल्या. अशी गीते रचणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांच्यापैकी दिया येथील काउंटेसच्या एकाच गीताची चाल आज उपलब्ध आहे.

कधी कधी मात्र मठाचे दार बाहेरच्या गाण्यालाही उघडे असे. इंग्लंडमधील रेडिंगच्या मठाशी निगडित असलेले तेराव्या शतकातील एक हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे. त्यातील एका पानावर चार गायकांनी एकामागून एक सुरू करून एकमेकांत गुंफावयाची चाल स्वरलिपीत लिहिली आहे. खाली आणखी दोघांनी धरावयाचा आधार आहे. त्या एकाच चालीला शब्द दोन प्रकारचे आहेत : हिरवळ आणि कुक्कू पक्ष्याची साद यांचे वर्णन करणारे इंग्रजी शब्द काळ्या शाईत, आणि त्यांच्या खाली ख्रिस्ताविषयीचे लॅटिन शब्द तांबड्या शाईत.