विम्याचे कार्ड आणि डॉक्टरांची वेळ

महासमुंद किंवा गरियाबंदहून पहाटेची बस धरून रायपूरला आलेल्या शेतमजुराच्या खिशात बहुधा विम्याचे कार्ड असते. कार्ड खरे, शासनाचे वचनही खरे. तरीही खासगी इस्पितळाच्या खिडकीशी ‘आज खाट नाही’ हे उत्तर पदरी पडण्याचे प्रसंग येतात. यात दरवेळी लबाडीच असते असे नव्हे. नवा रोगी घ्यावयाचा की नाही, हे डॉक्टरांच्या सवडीइतकेच, पैसा कोणत्या वाटेने व किती दिवसांनी येणार, यावरही ठरत असते.

२०१८ साली ‘आयुष्मान भारत’ योजना सुरू झाली. २०२० साली छत्तीसगढ सरकारने डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने योजना काढली. (बघेल स्वतः डॉक्टर होते, हे नाव म्हणूनच शोभले.) तीत अंत्योदय व प्राधान्य शिधापत्रिकेच्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, इतरांना ५० हजारांपर्यंत उपचार देऊ केले होते. अशा योजनांत बहुतेक उपचारांचा दर आधीच बांधलेला असतो. खर्च इस्पितळाने आधी करावयाचा, मागणी मागाहून पाठवावयाची. ती रक्कम रखडली, तरी परिचारिकांचा पगार व औषधविक्रेत्याचे बिल काही थांबत नाही. मोठे इस्पितळ हा ताण सोसते. दहा-वीस खाटांचे शुश्रूषागृह मात्र कार्डवाल्या रोग्यांसाठी मनाशीच एक आकडा ठरविते. तो आकडा कोठेही लिहिलेला नसतो. शिवाय हे कार्ड मुख्यतः दाखल झालेल्या रोग्यासाठी. नुसत्या तपासणीची फी बव्हंशी त्याच्याच गाठीची.

कामगार राज्य विमा योजनेची रीत निराळी. १९४८ च्या कायद्याने ती घडली आणि १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १९५४ साली ती मुंबईत आली. तेथील पॅनेल पद्धतीत डॉक्टरांना आजारामागे नव्हे, तर यादीतील माणशी ठरीव रक्कम मिळे, आणि यादीला कमाल मर्यादा असे. यादी भरली की नवे नाव घ्यावयाचे नाही, हे उघड असे. कामगाराने दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. नकार होताच, पण तो आधी कळत असे.

रायपुरात असा नकार बहुधा बसभाडे खर्च झाल्यावर कळतो. मग तो मजूर शहर ज्याला ‘मेकाहारा’ म्हणते त्या सरकारी आंबेडकर रुग्णालयाकडे वळतो. त्या दारात ‘यादी भरली’ असे म्हणण्याची सोय नाही. तेथे डॉक्टर तेवढेच राहतात. प्रत्येकाच्या वाट्याची मिनिटे कमी होतात.