पॉकेटाचे तोंड किती असावे?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा नागपुराहून चार दिवसांकरिता तिरोड्यास आला होता. दुपारची वेळ, बाहेर झाडाचे पान हालत नव्हते, आणि स्वारी ओसरीवर आडवी होऊन फोनवर पूल नावाच्या खेळाचा परदेशांतील एक सामना पाहण्यात गढून गेली होती. बिलियर्डच्या कुळातील हा अमेरिकन वळणाचा खेळ. बनातीने मढविलेले टेबल, त्याला सहा पॉकेटे, आणि लांब काठीने मारावयाचे रंगीत चेंडू. मध्येच तो ताडकन उठून बसला व म्हणाला, "मामा, एवढा नावाजलेला खेळाडू आणि हा चेंडू चुकला! आमच्या क्लबात मी तो डोळे मिटून घातला असता." मग क्षणभराने आपण होऊनच पुढे बोलला, "पण ह्यांनी पॉकेटेच लहान केलीत ना!"

त्याच्या ह्या दोन वाक्यांत एक मोठा वाद साठविलेला आहे, व त्याचा आपल्याशी काही संबंध नाही असे समजण्याचे कारण नाही.

प्रथम मापे पाहू. पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच असतो. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच असावे. मधल्या पॉकेटाचे त्याहून अर्धा इंच अधिक, कारण तेथे चेंडू बहुधा तिरका येतो व त्याला सावरून घेणारे लांब जबडे नसतात. साडेचार इंच म्हणजे बरोबर दोन चेंडूंची रुंदी. अलीकडच्या काही वर्षांत मोठ्या व्यावसायिक सामन्यांतून हे कोपऱ्याचे तोंड चार इंचांपर्यंत आवळण्यात आले. चेंडू मधोमध गेला तर पूर्वी त्याच्या दोहों बाजूंस सव्वा इंचाला थोडी कमी मोकळीक राहत असे, ती आता पाऊण इंचाहून थोडी अधिक एवढीच उरली. फरक बाजूस पाव इंचाचा! परंतु शंभर इंच लांबीच्या टेबलावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे चेंडू पाठविताना हा पाव इंच चांगल्या चांगल्यांची झोप उडवितो.

आवळण्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नऊ चेंडूंच्या खेळात सलामीचा फटका साधला म्हणजे निष्णात खेळाडू एका दमात टेबल साफ करितो, व त्याचा प्रतिस्पर्धी खुर्चीवर बसून टाळ्या ऐकत राहतो. सामना खेळावयास आलेल्या माणसाला काठीच हाती न धरता हरावे लागणे ही गोष्ट कोणासही रुचणार नाही. तोंड अरुंद केले म्हणजे चूक अधिक वेळा होते, आणि दुसऱ्याला संधी मिळते. शिवाय केवळ दैवाने चेंडू आत जाण्याचे प्रकारही कमी होतात.

पण ह्या औषधाचा परिणाम दुखण्यापुरताच राहत नाही. पॉकेट रुंद असते तेव्हा जाणता खेळाडू चेंडू कोठल्या जबड्याच्या बाजूने आत घालावयाचा ते निवडतो, आणि त्या निवडीमुळे आपला पांढरा चेंडू पुढील फटक्यासाठी हव्या त्या ठिकाणी नेतो. खेळातील कल्पकता आहे ती येथेच. तोंड आवळले की ही निवड नाहीशी होते; चेंडू मधोमधच घालावा लागतो, व पांढरा चेंडू जाईल तेथे जाऊ द्यावा लागतो. धाडसाचा फटका सोडून बचावाचा फटका मारण्याकडे मनाचा कल होतो. पुन्हा, तोंडाची रुंदी म्हणजेच सारे काही नव्हे. जबड्यांचा कोन, चेंडू खाली पडण्यापूर्वीच्या कट्ट्याची खोली, बनात नवी व निसरडी आहे की झिजलेली, ह्या सर्वांनी साडेचार इंचाचे पॉकेटही कठीण किंवा सोपे होते. पट्टी लावून एकच आकडा मोजणारे हे विसरतात.

हा प्रयोग काही आजचा नव्हे. इंग्लिश बिलियर्डच्या क्षेत्रात तो दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. त्या काळी तांबडा चेंडू टेबलाच्या माथ्याकडील ठिपक्यावर ठेवून तो कोपऱ्यातील पॉकेटांत पुन्हा पुन्हा घालण्याची एक युक्ती निघाली होती. दर वेळी तीन गुण, आणि चेंडू परत ठिपक्यावर! जॉन रॉबर्ट्स ह्या नामांकित खेळाडूने १८६२ साली अशा रीतीने एका खेपेस ३४६ गुण केले. पुढे ११ फेब्रुवारी १८७० रोजी लंडन येथे अजिंक्यपदाचा पहिला सामना ठरला, तेव्हा त्याकरिता मुद्दाम तीन इंची पॉकेटांचे टेबल बनविण्यात आले व ठिपकाही माथ्याच्या कडेजवळ सरकविण्यात आला. साधारण टेबलांची पॉकेटे ह्याहून अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुंद असत. सामन्यात विल्यम कुक ह्या तरुणाने रॉबर्ट्सचा १२०० विरुद्ध १०८३ असा पराभव केला. पण त्या उभ्या रात्रीत कोणाचेही एका खेपेचे गुण ८० च्या वर गेले नाहीत. युक्ती मेली खरी, पण तिच्याबरोबर खेळाची रंगतही गेली. विजेत्यांचे टेबल एक व लोकांचे टेबल दुसरे, अशी फूट पडली. आणि ती अरुंद टेबले यथावकाश मागे पडली. रुंद टेबलांवर ती युक्ती मात्र फोफावतच गेली. १८९० मध्ये पील नावाच्या खेळाडूने एका खेपेस ३३०४ गुण केले! अखेर १८९८ मध्ये लागोपाठ दोनदा तसा चेंडू घातल्यावर तो ठिपक्यावरून उचलून टेबलाच्या मध्यभागी ठेवावा असा नियम करण्यात आला, तेव्हा कोठे हा प्रश्न मिटला. इंचांनी जे साधले नाही ते एका ओळीच्या नियमाने साधले.

ह्याहूनही बोलका दाखला आमच्या शेजारचा आहे. तिरोड्याहून आगगाडीने गोंदियास जावे, व तेथून बालाघाट, नैनपूर ह्या मार्गाने जबलपूर गाठावे. (ह्या मार्गावरील जुनी अरुंद गाडी जाऊन आता रुंद मार्ग झाला आहे, रुळ रुंद होत असता पॉकेटे मात्र अरुंद होत आहेत.) ह्याच जबलपुरात १८७५ साली पावसाळ्यात कंटाळलेल्या गोऱ्या लष्करी अंमलदारांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने स्नूकर हा खेळ काढला. त्याने टेबलाला हात लावला नाही; चालू खेळात निरनिराळ्या रंगांचे चेंडू तेवढे वाढविले. जुन्या टेबलावर नवा खेळ उभा राहिला. टेबल एकच राहिल्याचा लाभ आपल्या लोकांनाही झाला. पुण्यास जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास व १९६४ साली न्यूझीलंडात हौशी बिलियर्डपटूंचे जगज्जेते झाले, ते ज्या मापाच्या टेबलावर इतर देशांचे लोक खेळत त्याच मापाच्या टेबलावर.

मला हे सारे इतके जिव्हाळ्याचे का वाटावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर माझ्या माडीवर आहे. आमच्या लहानपणी घरात जो कॅरम होता तो गावातल्याच एका सुताराने केलेला. त्याची चारही भोके सव्वादोन इंचांची, म्हणजे जवळजवळ पावणेसहा सेंटिमीटरची होती हे मला फार पुढे कळले. नियमाप्रमाणे ती ४.४५ सेंटिमीटरचीच हवीत. सोंगटीचा व्यास ३.१८ व स्ट्रायकरचा ४.१३ ह्यांहून अधिक असू नये. म्हणजे स्ट्रायकर जेमतेम आत जातो. आमच्या फळीवर मात्र सोंगटी भोकाच्या नुसत्या दिशेने गेली तरी पुरे! मी सबंध आळीत अजिंक्य होतो. माझे वडीलही कौतुकाने पाहुण्यांना माझा खेळ दाखवीत. पुढे नागपुरास कॉलेजात गेलो, स्पर्धेत नाव दिले, आणि पहिल्याच फेरीत धुव्वा उडाला. सोंगटी भोकाच्या ओठावर जाई, थरथरे, व परत येई. माझा हात वाईट नव्हता. त्याला जे शिकविले गेले होते ते खोटे होते. त्यानंतर मी कॅरमला हात लावला नाही, व ही गोष्ट घरी वडिलांना कधी सांगितलीही नाही.

म्हणून मला वाटते, रुंद की अरुंद हा प्रश्न दुय्यम आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या पोराची फळी आणि स्पर्धेतील फळी ह्यांचे माप एक असले पाहिजे. कॅरमने ही गोष्ट साधली आहे. आज दुकानांतून नियमाच्या मापाची फळी मागता येते, व खेळाडू तिच्यावर शिकून तिच्यावरच स्पर्धेस उतरतो. पूलच्या धुरिणांना सामने कठीण करावयाचे असतील तर त्यांनी सलामीच्या फटक्याचे नियम आणखी कडक करावेत, ती वाट त्यांना ठाऊक आहे. चार इंचच हवे असतील तर तेही करावे, पण मग नागपूरच्या क्लबातील टेबलालाही तेच माप लावण्याची जबाबदारी घ्यावी.

भाच्याला हे सर्व मी त्या दुपारी सांगितले. त्याने ऐकून घेतले, आणि जाताना माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी मागून नेली. चार दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, आमच्या क्लबातल्या कोपऱ्याचं पॉकेट मोजलं," तो म्हणाला. "पाच इंचांना दोन दोरे कमी."