काळ्या मातीचा पासंग

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. सोयाबीन निंदताना मंगळसूत्रातली सोन्याची वाटी वावरात पडली. ती शोधायला त्यांनी नवा मेटल डिटेक्टर मागवला, तर तो पावलापावलावर ओरडतो. ‘यंत्र बिघडलंय, की वावराखाली खरंच काही आहे?’

यंत्र ठीक आहे, आणि वावराखाली खरंच काही आहे. फक्त ते गुप्तधन नाही, मॅग्नेटाइट आहे. वाशीमची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. त्या खडकातलं हे चुंबकीय लोहखनिज मातीत आणि नाल्याच्या वाळूत उतरतं. कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवून पाहा, काळी कणी चिकटून येते. डिटेक्टरला सोन्याआधी ही कणी ऐकू येते. म्हणून पहिलं बटण शिकायचं ते ‘ग्राउंड बॅलन्स’चं.

जुना वाणी तराजू हाती धरला की आधी रिकामी पारडी पाहायचा. एक पारडं झुकलं तर दुसऱ्याला खडा बांधून पासंग काढायचा आणि मगच माल घालायचा. ग्राउंड बॅलन्स म्हणजे हा पासंग. खाली धातू नाही अशी जागा शोधा, धातूंत भेद करणारं ‘डिस्क्रिमिनेशन’ बंद ठेवा. कॉइल जमिनीपासून चार बोटांवरून वीतभर उंचीपर्यंत खाली-वर करा. खाली नेताना आणि वर घेताना आवाज एकसारखा राहिला की पारडी समान झाली. वावर बदललं, पाऊस पडून गेला, की पासंग पुन्हा काढायचा.

तराजूची उपमा मी उगाच देत नाही. या यंत्राच्या पूर्वजाचं नावच ‘इंडक्शन बॅलन्स’. संशोधक डेव्हिड ह्यूज यांनी ते १८७९ साली लंडनमध्ये मांडलं. तारेच्या कॉइलच्या दोन सारख्या जोड्या, मायक्रोफोनवर ठेवलेलं घड्याळ, आणि कानाला टेलिफोन. दोन्ही बाजू समान असल्या की शांतता. एका जोडीत शिलिंगचं नाणं ठेवलं की घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, दुसरीत तसंच नाणं ठेवलं की ती बंद. पण दुसरं नाणं झिजलेलं किंवा खोटं असेल तर टिकटिक चालूच! आजच्या यंत्रावरचं ‘डिस्क्रिमिनेशन’ तिथेच जन्मलं. मग १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल याच तत्त्वाचं यंत्र घेऊन गेले. गादीतल्या पोलादी तारांनी घोळ घातला, डॉक्टरांनी उजवीच बाजू तपासू दिली, गोळी डावीकडे निघाली. गोष्ट रंजक आहे, म्हणून नाव बेलचं राहिलं. ह्यूज मागे पडले. त्याच सुमारास त्यांना रेडिओलहरींची चाहूलही लागली होती. रॉयल सोसायटीच्या थोरांनी ‘हे साधं इंडक्शन’ म्हणून ती उडवून लावली आणि पुढे श्रेय हर्ट्झना गेलं. स्वतःच्या मायक्रोफोनचं पेटंटही ह्यूज यांनी घेतलं नव्हतं.

असो, वावरात परत येऊ. दुसरं बटण सेन्सिटिव्हिटीचं. ते पूर्ण चढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. काळ्या मातीत ते उलट उतरवायचं, गोंगाट थांबेपर्यंत. आणि डिस्क्रिमिनेशन जपून. लहान सोन्याचा यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बहुधा गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी पत्र्याच्या आसपासच येतो. पुड्या टाळायला गेलात की वाटीही टळली. सराव करायचा तर रुपयाचं नाणं पुरू नका. १९९२ पासून ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, लोखंड गाळायला सांगितलेलं यंत्र त्यालाही गाळू शकतं. तांब्याची अंगठी पुरा.

आता नेमकी जागा. नेहमीच्या मोडमध्ये कॉइल हलती ठेवावी लागते, ‘पिनपॉइंट’चं बटण दाबलं की ती थांबली तरी आवाज येतो. बटण वस्तूच्या अगदी डोक्यावर दाबू नका. तिथलीच पातळी शून्य धरली जाते आणि आवाज गायब होतो. बाजूला दाबा, पूर्व-पश्चिम फिरवा, मोठ्यात मोठा आवाज कुठे येतो ते हेरा, मग काटकोनात वळून उत्तर-दक्षिण. दोन रेषा छेदतात तिथे वस्तू. आवाज पसरट असेल तर एक युक्ती आहे: बटण सोडायचं, वस्तूच्या कडेशी कॉइल नेऊन पुन्हा दाबायचं. आता मधला लहानसा पट्टाच बोलतो. खुरपं त्या बिंदूवर मारू नका, बाजूने ढेकूळ उचला, आणि ते कॉइलसमोर धरून पाहा. नाहीतर वाटी ढेकळात बसलेली आणि तुम्ही खड्डा खोल करत आहात, असं होतं.

खोलीचं म्हणाल तर नाण्याएवढ्या वस्तूला वीतभर मिळाली तरी खूप. कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, वस्तूचं उत्तरही तसंच घटत परततं. कॉइलच्या आकाराहून पुढे गेलात की अंतर दुप्पट झाल्यावर संकेत ६४ पट क्षीण! म्हणून ‘दहा फुटांवरचं सोनं दाखवणारं’ यंत्र विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधन दिसतं म्हणतात तो आपल्याकडचा पायाळू माणूस आणि असलं यंत्र, दोघांचा पल्ला सारखाच. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट इथेच मिळाले आणि १९३९ साली अभ्यासकांपुढे आले. तेव्हा संरक्षित स्मारकाजवळ यंत्र नेऊ नका. आणि वाटी शोधताना हंडा, नाणी, ताम्रपट असं काही लागलंच, तर आहे तिथेच हात आवरून कलेक्टरांना लेखी कळवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, आणि कळवण्याची त्यातली मर्यादा आहे दहा रुपये.