बादलीतलं परसदार

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळजवळ डोलवी लागतं. एकीकडे धरमतरची खाडी, दुसरीकडे पोलादाचा कारखाना आणि त्याच्या आधाराने वाढलेली वस्ती. परसदार असलेल्या घरात भाजीची देठं केळीच्या बुंध्याशी टाकली की विषय संपतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला तोच बुंधा बादलीत उभा करावा लागतो. तो कसा, ते पाहू.

पहिलं काम कचरा वेगळा करण्याचं. 2016च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन वाटे करायला सांगितले होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. ओला सुक्यात मिसळला की रद्दी भिजते, प्लॅस्टिक बरबटतं आणि भंगारवालाही हात लावत नाही. ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या ओल्यातून मिथेन वायू निघतो, तो वेगळाच.

आता बादली. झाकणाची, साधारण वीस लिटरची जुनी बादली घ्या. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाला, त्यावर मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. मग रोजची देठं, सालं, चहाचा चोथा बारीक करून, निथळून टाका आणि तितक्याच सुक्या पाल्याने झाका. पेणकडे भाताच्या गिरणीतलं तूसही चालतं. ते स्वतः हळू कुजतं, पण थर मोकळा ठेवतं. तीन-चार दिवसांनी काठीने हलवा.

यात राबतात ते सूक्ष्मजंतू. त्यांना ओल्यातून नत्र मिळतं, सुक्यातून कर्ब. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब हे प्रमाण उत्तम, पण तराजू नको, नाक पुरे. कुजकट वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. अमोनियासारखा उग्र वास आला तर नत्र जास्त. दोन्हींवर उपाय एकच: सुका पाला घालून हलवणं. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. पावसाळ्यात कोकणची हवाच ओली असते, म्हणून फाल्गुन-चैत्रातला पाला गोणीत भरून ठेवावा.

माशाची आतडी, कोलंबीची टरफलं बादलीत नकोत. मोठ्या कुंडीत वीतभर खोल पुरा, नाहीतर मांजरं उकरतील.

सुक्याचे आणि घातकाचे नियम सोपे. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका. तो इवला तुकडा कुणीच वेचत नाही. पिशवी धुऊन वाळवा. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, ती न फोडता वेगळी द्या. मासळीला निघताना डबा न्या, म्हणजे पिशवी घरात येतच नाही.

बादली लवकर भरत नाही, कारण पालेभाजीत बहुतांश पाणीच असतं. भरली की दोन-तीन महिने मुरू द्या. खत काळं, भुसभुशीत झालं की कढीपत्त्याला घाला. उरलं तर खाली कुणाच्या तरी केळीच्या बुंध्याशी.