माणसाचे पाणी आणि माशांचे पाणी

माणसासाठी शुद्ध केलेले पाणी माशांसाठी शुद्ध असतेच असे नाही. रोगजंतू मरावेत म्हणून नळाच्या पाण्यात क्लोरीन मिसळतात, आणि भारतीय मानकानुसार घरातल्या नळापर्यंत तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहिला पाहिजे. पिणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. मासा मात्र रात्रंदिवस त्याच पाण्यात श्वास घेतो. क्लोरीनने त्याच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जळते आणि पाण्यात प्राणवायू असूनही तो गुदमरतो. कित्येक जातींना लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीनही घातक ठरतो.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत हा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या या बेसॉल्टच्या पठारावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जव्हार शहराला जयसागर धरणाचे पाणी मिळते, तर पाड्यांवर विहीर, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दिवसाला सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी जाते. भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन ते शहराच्या नळांना येते, म्हणजे मुंबईतल्या कितीतरी मत्स्यटाक्या याच डोंगरांतल्या पावसावर भरतात. ज्या तालुक्यात हे पाणी अडते, तिथल्याच पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. तिथे मासे पाळताना पाण्याचा हिशेब आधी करावा लागतो.

गावांत विहिरीत किंवा साठवण टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. त्यातून लिटरला सुमारे ०.७ मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात पडतो. विहिरीतल्या पाण्याचा अंदाज चुकला की प्रमाण सहज वाढते, म्हणून टीसीएल पडले त्या दिवशीचे पाणी माशांच्या टाकीसाठी भरू नये. क्लोरीन आहे की नाही हे पाहण्यासाठी गावागावात ओटी टेस्ट वापरतात. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. पिण्यासाठी तो पिवळा रंग हवा असतो. माशांच्या पाण्यात त्याची छटाही नको.

क्लोरीन घालवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रुंद तोंडाच्या बादलीत पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवणे. ऊन मिळाले किंवा एअर पंपाचे बुडबुडे सोडले तर तो लवकर जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे द्रावण वापरतात. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. फोटो धुणारे पूर्वी ज्याला हायपो म्हणत तेच हे. १ मिलिग्रॅम क्लोरीनला याचे सुमारे ७ मिलिग्रॅम स्फटिक लागतात. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक पुरतात. परदेशातल्या अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. तो पाणी उघडे ठेवून सहज उडत नाही, म्हणून तिकडच्या पुस्तकांतल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू होत नाहीत.

साठवणीचे भांडेही महत्त्वाचे. तांब्या-पितळेच्या हंड्यातले पाणी माणसाला चालते, पण त्यातून पाण्यात उतरणारे तांबे माशांना विषारी असते, गोगलगायी आणि कोळंबीला तर फारच. पाणी जितके कमी क्षाराचे, तितका हा परिणाम तीव्र. टाकीचे पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा पिंपातच साठवावे, आणि ती बादली साबणासाठी कधी वापरू नये.

पावसाळ्यात पाणी गढूळ येते. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण तुरटी पाण्यातले बायकार्बोनेट खाते: लिटरला १० मिलिग्रॅम तुरटीमागे सुमारे ५ मिलिग्रॅम क्षारता कमी होते. पावसाचे पाणी आधीच क्षाराने हलके, त्यात तुरटी जास्त पडली तर पाण्याचा सामू एकदम घसरतो. माशांसाठी दाट विणीच्या कापडातून गाळणे, रात्रभर निवळू देणे आणि वरचे पाणी हलकेच काढून घेणे अधिक सुरक्षित. पागोळीचे पाणी धरायचे असेल तर पहिल्या काही सरी वाहून जाऊ द्याव्यात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरून येणारे पाणी टाळावे, कारण जस्तही माशांना बाधते. कौलावरचे पाणी बरे, पण तेही विहिरीच्या पाण्यात मिसळूनच वापरावे.

उन्हाळ्यात उलट होते. खडकाच्या भेगांत महिनोन्‌महिने राहिलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळते आणि पाणी जड होते. गप्पी, मॉली यांसारख्या माशांना ते मानवते. अशा वेळी अनेकजण आरओ यंत्राकडे वळतात. आरओचे पाणी जवळजवळ क्षारहीन असते, त्याचा सामू टिकत नाही आणि नुसत्या त्या पाण्यात मासा तग धरत नाही. शिवाय घरगुती यंत्र जितके पाणी शुद्ध करते, बहुधा त्याहून अधिक फेकते. जिथे हंडाभर पाण्यासाठी बायकांना उतार उतरून झऱ्यावर जावे लागते, तिथे हौसेसाठी आरओ लावणे योग्य नाही. स्थानिक पाण्यात जगणारे मासे निवडावेत.

एवढे करून पाणी टाकीत पडले तरी काम अर्धेच होते, कारण यापुढचे विष मासे स्वतः तयार करतात. त्यांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निघतो. त्याचा विषारीपणा सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की हाच भाग ५ टक्क्यांवर जातो. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पुष्कळच सौम्य असते. हे जिवाणू स्पंजावर आणि खड्यांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले की ते आठवड्याभरात का मरतात, याचे उत्तर इथे आहे. आधी दोन-तीन मासे, मग हळूहळू बाकीचे, हाच क्रम धरावा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. नळातला क्लोरीन महिनाभर वाढलेली जिवाणूंची वस्ती मारून टाकतो. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळला की पुरे. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा रंग, वास आणि थोडाफार क्लोरीन शोषतो, पण अमोनियावर आणि जड पाण्यावर त्याचा उपयोग नाही, आणि काही आठवड्यांत तो बदलावा लागतो.

वीज गेली की स्पंजातले जिवाणूही प्राणवायूवाचून मरू लागतात. पावसाळ्यात वीज बराच वेळ जाते तिथे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर महागड्या यंत्रापेक्षा उपयोगी. उन्हाळ्यात तर हवा सोडणे अधिकच गरजेचे, कारण २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदलण्याचा नियम टंचाईत परवडत नाही. मासे कमी ठेवले, खाद्य आवरते घातले आणि टाकीत पाणवनस्पती लावल्या तर दहावा हिस्साही चालतो. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र नुसते भरत राहू नये. क्षार मागेच राहतात आणि जड पाणी आणखी जड होते. थोडे जुने काढून मगच नवे घालावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते, ते परसातल्या मिरची-वांग्याला घालावे. ओढ्यात ओतू नये, कारण त्याबरोबर परक्या गोगलगायींची अंडी आणि पिल्ले वैतरणेपर्यंत जाऊ शकतात.