रंकाळ्याचा चित्रकार : आबालाल रहिमान

दिवाणखान्यात रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती नाही, असे सुशिक्षित घर एके काळी विरळाच असे. देवदेवतांस आपल्या भिंतींवर मान मिळाला. तळे, माळ, पावसाळी आभाळ यांना मात्र तो क्वचितच लाभला. वास्तविक आपल्या पूर्वजांस सृष्टिचित्राचे वावडे नव्हते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात ऋतू, रात्र व नद्या कशा रेखाटाव्यात हे सांगितले आहे. आणि शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंतासही, शकुंतलेच्या चित्रात मालिनी नदी व हिमालयाचा पायथा अजून काढावयाचा राहिला आहे, याची आठवण होते. परंतु तेथेही नदी आली ती नायिकेच्या पाठीमागे. केवळ नदीसाठी नदी रंगविण्याची दृष्टी आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

ती ज्यांच्या ठायी उत्तम रुजली त्यांत कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांस आम्ही अग्रस्थान देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिकले. शाळेची धुरा तेव्हा जॉन ग्रिफिथ्स यांजकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे तेच. कोल्हापुरातच 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर याच शाळेत शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि अखिल हिंदुस्थानात नावाजले. आबालाल मात्र परत फिरले. मुंबईत राहते तर पैसा व कीर्ती दोन्ही पदरी पडती. पण मग रंकाळा कोणी रंगविला असता?

रंकाळ्यावरचा संध्यामठ पावसाळ्यात अर्धा पाण्यात बुडतो आणि उन्हाळ्यात कोरडा उभा राहतो. एकच जागा, परंतु प्रहर पालटला की रंग पालटतो. आबालालांना या पालटाचेच वेड. रंग सपाट न फासता लहान लहान फटकाऱ्यांनी ते पाण्यावरचा उजेड उभा करीत. जवळून पाहावे तर नुसते ठिपके, चार पावले मागे सरावे तर ओली सकाळ! जाणकारांस यावरून फ्रान्सच्या चित्रकारांचे स्मरण होते. मुसलमान कुळातील या पुरुषाने संध्यामठ इतक्या जिव्हाळ्याने रंगवावा, याचे आम्हां कडेगावकरांस नवल वाटत नाही. आमच्या गावी मोहरमचे उंच ताबूत दोन्ही समाज मिळूनच उभारतात.

शाहू छत्रपतींनी त्यांस दरबारी चित्रकार नेमले. 6 मे 1922 रोजी महाराज निवर्तले, आणि शोकावेगात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात बुडविली, असे कोल्हापुरात सांगतात. तळ्याकाठीच त्यांचे बिऱ्हाड होते. 1931 साली त्यांचा अंत झाला. रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही.

त्यांच्या भोवतीचे कलावंतांचे वर्तुळ मोठे विलक्षण होते. आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. पडद्यावर वन, राजवाडा, नदीकाठ उभे करता करता त्यांस हलत्या चित्राचा ध्यास लागला. आनंदराव 1916 साली अकाली गेले. बाबूरावांनी कॅमेरा सिद्धीस नेला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. व्ही. शांताराम याच बाबूरावांच्या हाताखाली घडले. नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे हेही त्यांचेच शिष्य, परंतु त्यांचा खरा ओढा निसर्गचित्राकडे होता. राजारामपुरीतील त्यांच्या राहत्या घराचे आज संग्रहालय झाले आहे.

बुडालेल्या चित्रांची मोजदाद होणे नाही. जी उरली त्यांतील काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनास आमच्या भागातून दरसाल शेकडो कुटुंबे जातात. देवळातून टाउन हॉल फार दूर नाही. मुलांस घेऊन तेथे अवश्य जावे, आणि चित्रासमोर उभे राहिल्यावर चार पावले मागे सरण्यास विसरू नये.